गुटीचा डबा, अडीच महिन्यांचा नातू आणि सुनेला न सांगितलेली गोष्ट

पत्र थोडक्यात: एकसष्ट वर्षांच्या एका आजींचं पत्र आहे, नाव-गाव गाळलंय. गावाहून मुलाकडे शहरात आल्यात, नातू अडीच महिन्यांचा आहे. संध्याकाळचे सात वाजले की बाळ पाय पोटाशी घेऊन किंचाळायला लागतं ते नऊ-दहापर्यंत. बालरोगतज्ज्ञांनी सांगितलंय की सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही द्यायचं नाही आणि सून त्यावर ठाम आहे. आजींनी येताना गुटीचा डबा आणला, त्यांच्या आईपासून घरात असलेला. सून म्हणाली, "नको हं आई." मग आंघोळ घालून झाली की सून जेवायला बसते तेवढ्या वेळात आजींनी वेखंड, जायफळ, मुरुडशेंग, हळकुंड आणि बाळहिरडा एक-दोन वळसे उगाळून मधातून चाटवलं. त्या दिवशी बाळ सलग तीन तास झोपलं. आता दोन आठवडे जवळजवळ रोज चालू आहे. त्या लिहितात, "माझी तिन्ही पोरं ह्याच गुटीवर वाढली, एकालाही काही झालं नाही. आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नसतो. पण नेटवर वेखंड विषारी असतं असं वाचलं तेव्हापासून झोप नाही. मला ह्या घरात फक्त आंघोळीपुरतं ठेवलंय. मी चूक केली का? सुनेला सांगू का गुपचूप बंद करू?"

ताई, आधी दोन कामं करा, बाकीचं मग सावकाश वाचा.

पहिलं, आजपासून गुटी बंद. थोडी कमी करून बघते, नुसतं जायफळ काढून टाकते, असलं काही नको, सरळ बंद. दुसरं, उद्याच्या उद्या बाळाच्या डॉक्टरांच्या कानावर घालायचं की काय काय दिलं, किती दिवस दिलं आणि मधातून दिलं. कसं सांगायचं, कुणाला आधी सांगायचं, ते पुढे लिहिलंय.

मधाचं एवढ्या घाईने लिहिते कारण तुम्ही वेखंडावर गुगल करत बसलात आणि मध तुमच्या हिशोबातच आला नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात त्यांचं काही चालत नाही, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते रुजू शकतात आणि तिथे जे विष तयार होतं त्याने स्नायू लुळे पडत जातात. मध महाबळेश्वरचा आहे, ओळखीच्याकडचा आहे, गरम केलेला आहे, ह्याने काही फरक पडत नाही कारण साध्या उकळीने बीजाणू मरत नाहीत. हा आजार दुर्मिळ आहे, लगेच वाईटसाईट डोक्यात आणू नका, पण लक्षणं दिसायला काही दिवसांपासून महिनाभरापर्यंत वेळ लागू शकतो म्हणून पुढचा महिना डोळ्यांत तेल घालून बघायचं: शी एकदम अडली, पापण्या जड झाल्या, रडण्याचा आवाज बारीक झाला, दूध ओढायचा जोर कमी झाला, मान आधीपेक्षा लुळी वाटली, तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, हॉस्पिटल गाठायचं आणि दारातच सांगायचं की मध दिला होता.

आता तुमचा प्रश्न. चूक केली का? गुटी द्यावीशी वाटली ह्यात मला काहीच चूक दिसत नाही, तुमच्या पिढीतल्या बाईला रडणारं तान्हं हातात दिलं तर तिचा हात सहाणेकडे जाणारच, हाताला तेच वळण आहे. लपवून दिलीत ही मात्र चूक आहे आणि माझ्या मते वेखंडापेक्षा मोठी आहे. त्याच्यावर नंतर येते, आधी तुमच्या पत्रातली तीन-चार वाक्यं जरा उलटसुलट करून बघू, कारण अशीच वाक्यं मला दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या आजीकडून किंवा आजीला कंटाळलेल्या सुनेकडून येतात.

"तीन पोरांना काही झालं नाही." ठीक आहे. पण गुटीने गुण आला हे कशावरून? ज्याला डॉक्टर कॉलिक म्हणतात ते संध्याकाळचं रडणं साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतं, सहाव्या आठवड्याच्या आसपास कळसाला जातं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतं, औषध द्या नाहीतर देऊ नका. तुमचा नातू अडीच महिन्यांचा, म्हणजे तुम्ही गुटी सुरू केलीत तेव्हा तो आठ-नऊ आठवड्यांचा होता, उताराला लागायच्याच वेळेला. आता हे रडणं पुढच्या महिना-दीड महिन्यात कमी होत जाईल आणि ते गुटी न देता झालेलं तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघाल. तुमच्या तिन्ही मुलांच्या वेळीही बहुतेक हेच झालं असणार, श्रेय गुटीला मिळालं.

आणि "आमच्या वेळी" म्हणताना एक आकडा लक्षात असू द्या. १९९० च्या सुमाराला आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बाळांमागे ८० बाळं वर्षाच्या आत जात होती, २०२० साली तोच आकडा २८ वर आलेला होता. ती बाळं गुटीने गेली असं मी मुळीच म्हणत नाहीये, जुलाब, न्यूमोनिया, कमी वजन अशी कारणं होती. पण तेव्हा एखादं बाळ गेलं तर "जुलाब लागले" इतकंच म्हटलं जायचं, सहाणेवरचं पाणी कुठलं होतं असं कोण विचारत होतं? ज्यांची वाढली त्या आया आज आज्या होऊन सांगतायत, ज्यांची गेली त्या ह्या विषयावर बोलत नाहीत.

"तीन तास शांत झोपला." इथे मला तुम्हाला थोडं थांबवायचंय. जायफळ बाळाला कशासाठी देतात? झोपेसाठीच. त्यात मिरिस्टिसिन वगैरे जी द्रव्यं असतात ती जास्त झाली तर मोठ्या माणसालाही गरगरतं, छाती धडधडते, तोंड सुकतं, भलतंसलतं दिसतं. तुमचं बाळ पाच-साडेपाच किलोचं असेल. ते पोट दुखायचं थांबलं म्हणून झोपलं की त्याला गुंगी आली म्हणून झोपलं, हे त्याच्या चेहऱ्याकडे बघून तुम्हालाही सांगता येणार नाही आणि मलाही नाही. आणि गुंगीत झोपलेलं बाळ दूध मागत नाही, ह्या वयात दोन-अडीच तासांनी अंगावर पिणाऱ्या बाळाचं एक पाजणं बुडालं तर ते वजनात दिसतं. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरणगावात कामावर जाणाऱ्या आया तान्ह्या बाळांना अफूची बाळागोळी द्यायच्या, बाळं दिवसभर शांत पडून राहायची आणि त्या बायकांपुढे दुसरा इलाजही नव्हता. जायफळ म्हणजे अफू नव्हे, पण शांत पडलं म्हणजे बरं वाटलं हा हिशोब तेव्हाही चुकीचाच होता.

"आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नसतो." हे वाक्य कुठल्या शिकलेल्या वैद्यासमोर म्हणून बघा, तोच तुम्हाला गप्प करेल! मी बरीच वर्षं फार्मसी कॉलेजात वनौषधी शिकवल्या, आमच्याकडे येणारे वैद्य वेखंडाबद्दल आमच्यापेक्षा जास्त सावध असायचे. आयुर्वेदात वेखंड म्हणजे वचा, आणि ती पोटात द्यायची तर आधी शोधन करायची पद्धत आहे, गोमूत्रात, मुंडी नावाच्या वनस्पतीच्या काढ्यात वगैरे उकळून मग वापरतात. जास्त मात्रेत वचा उलटी करवते, वमनाच्या औषधांत तिचं नावच आहे. किराणा दुकानातून किंवा काष्ठौषधीवाल्याकडून आणलेली कांडी सहाणेवर घासली त्यात शोधन कुठलं झालं? काश्यपसंहिता ह्या आयुर्वेदातल्या बालरोगांवरच्या जुन्या ग्रंथात बाळांना चाटणं द्यायचा आख्खा अध्याय आहे आणि त्यात कुणाला चाटण द्यावं ह्याच्याबरोबर कुणाला देऊ नये ह्याचीही यादी आहे. म्हणजे बाळ बघून ठरवायचं हे शास्त्रातच आहे, सरसकट प्रत्येक तान्ह्याला रोज आंघोळीनंतर ही आपल्या घराघरांतली सवय.

आता तुमची झोप उडवणारं वेखंड.

वेखंड पाणथळ जागेत वाढतं, पानं लांब तलवारीसारखी, आपण वापरतो तो जमिनीतला आडवा कंद, वाळवलेला. तुमच्या डब्यातली कांडी काढून बघा, तिच्यावर आडव्या कड्या असतील, खालच्या बाजूला मुळं तुटल्याचे बारीक गोल ठिपके आणि एका टोकाला उगाळून उगाळून तिरपी गुळगुळीत झालेली जागा. तो जो उग्र वास येतो, कपाटात ठेवली तर कसर लागत नाही, तो तिच्यातल्या तेलाचा, आणि त्या तेलात बीटा-असरोन नावाचं द्रव्य असतं. सगळ्या जगातलं वेखंड सारखं नसतं, उत्तर अमेरिकेतल्या एका जातीत हे द्रव्य जवळपास नसतंच, युरोपातल्यात थोडं असतं, आपल्याकडच्यात मात्र भरपूर असतं. १९६० च्या दशकात उंदरांना जम्मूकडच्या वेखंडाचं तेल खाण्यातून बरेच दिवस देऊन बघितलं तर त्यांच्या आतड्यात गाठी झाल्या, आणि १९६८ साली अमेरिकेने खाण्याच्या पदार्थांत वेखंड घालायला बंदी केली, ती अजून आहे. (तिकडे लेकीच्या बाळंतपणाला जाणाऱ्या आयांनी गुटीचा डबा बॅगेत भरण्यापूर्वी हे वाचून ठेवा.)

ह्याचा अर्थ तुमच्या नातवाला दोन आठवड्यांच्या चाटणाने कॅन्सर होणार असा अजिबात नाही. त्या उंदरांना तेल दिलं होतं, रोज, भरपूर. तुम्ही चाटवलं ते त्या मानाने अगदी किंचित. नेटवर "विषारी" असं एका शब्दात लिहून मोकळे होतात, तेवढ्याने तुम्ही रात्र जागवू नका. पण ज्या द्रव्याबद्दल अशी शंका आहे, जे जास्त झालं तर तासन्तास उलट्या होतात, आणि ज्याचा तान्ह्याला नक्की फायदा होतो असा पुरावा नाही, ते ज्याचं यकृत अजून नीट कामाला लागलेलं नाही अशा बाळाच्या पोटात घालायचं कारण काय? मला तरी एकही सापडत नाही. बोलायला लवकर लागतं, बुद्धी तल्लख होते म्हणून देतात, तर मूल बोलायला लागतं ते त्याच्याशी कुणीतरी बोलत बसल्याने, आणि ते काम तुमच्याइतकं निवांत घरात दुसरं कोण करणार आहे?

आंघोळीनंतर टाळूवर, अंगावर वेखंडाची पूड लावतात त्याबद्दलही बऱ्याच जणी विचारतात. पूड उडते, नाकात जाते, बाळाच्या श्वासनळ्या अगदी बारीक, आणि कातडीवर पुरळही येऊ शकते. नको. टाल्कम पावडरही नको, तेच कारण. धुरी तर अजिबातच नको, ओव्याची असो, लसणाच्या सालांची असो नाहीतर वेखंडाची, धूर तो धूर. तुमच्याकडची कांडी मात्र खुशाल कपड्यांच्या कपाटात टाका, पुस्तकांमागे ठेवा, रांगतं बाळ घरात फिरायला लागलं की तिथूनही वर उचला.

डब्यातल्या बाकीच्या मंडळींचं थोडक्यात सांगते. बाळहिरडा म्हणजे हिरड्याचं कोवळं फळ, आपल्याच जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातून येतं, पोट साफ करणारं औषध आहे, पण फक्त अंगावर पिणारं बाळ चार-पाच दिवस शी न करता मजेत राहू शकतं आणि शी मऊ असेल तर त्याला बद्धकोष्ठ म्हणत नाहीत, मग रेचक कशाला? हळकुंड स्वयंपाकात उत्तम, पण हळदीला पिवळाजर्द रंग यावा म्हणून शिशाचं क्रोमेट चोळलेला माल सापडलेला आहे, आणि शिसं बाळाच्या मेंदूसाठी थोडंही वाईट. मायफळ आणि काकडशिंगी ही तर फळं किंवा शेंगा नाहीतच, झाडावर किड्यांनी केलेल्या गाठी आहेत, तुरट, औषध म्हणून वैद्य वापरतात, आपण नको. ज्यांच्या डब्यात अतिविष आहे त्यांनी विशेष जपा, ते हिमालयातून येतं, महाग असतं म्हणून बाजारात त्याच्या नावाखाली भलतीच मुळं खपतात, आणि त्याच्याच कुळातला बचनाग हे तर जीवघेणं विष आहे. वाळलेल्या मुळांचा ढीग समोर आला तर कोणतं काय हे ओळखायला आमच्याकडे विद्यार्थ्यांना वर्ष-वर्ष जायचं. मुरुडशेंगेबद्दल माझी फार तक्रार नाही, पण पिळा पडलेली शेंग म्हणून पोटातल्या पिळावर लागू, हा तर्क तुम्हालाही पटत असेल असं वाटत नाही.

पण मला सगळ्यात जास्त काळजी ह्या कुठल्याच वस्तूची नाही, वळशाची आहे. तुम्ही लिहिलंय "एक-दोन वळसेच दिले." वळसा म्हणजे किती? नव्या खरखरीत सहाणेवर एक वळसा आणि चाळीस वर्षं वापरून गुळगुळीत झालेल्या सहाणेवर एक वळसा ह्यात जमीन-अस्मानाचा फरक. हात दाबून फिरवला का हलका, जायफळ मुरलेलं तेलकट होतं का सुकं, कांडी आधी भिजली होती का, पाणी थेंबभर होतं का चमचाभर, दरवेळी वेगळं उतरतं. आमच्याकडे पोरींना मी उगाळायला लावायचे आणि ते वाळवून तराजूवर ठेवायचे, एकीचा वळसा दुसरीच्या वळशासारखा कधी यायचा नाही, आणि त्याच मुलीचाही दुपारी वेगळा यायचा. पाच किलोच्या जिवाला जायफळ द्यायचं आणि मोजायचं माप असं! तुमच्या आईचा हात बसलेला होता हे मला मान्य आहे, पण तिची सहाण, तिचं जायफळ, तिची बाळं ठरलेली होती, आणि तिलाही नेमकं किती उतरलं हे माहीत नव्हतंच. वर ती सहाण. चंदनही तिच्यावरच उगाळतो, धुतो पाण्याने नुसती, फडक्याने पुसतो. सहाणेच्या बारीक भोकांत काय काय बसलेलं असतं ते सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर तुम्हीच उचलून ठेवाल. आईच्या दुधावरच्या बाळाला जुलाब लागायचं हे एक सरळ कारण आहे.

आता लपवण्याबद्दल.

समजा परवा दुपारी बाळ सुस्त झालं, नीट ओढेना. तुमची सून त्याला घेऊन डॉक्टरांकडे पळेल. डॉक्टर पहिला प्रश्न विचारतील, दुधाशिवाय काही दिलं होतं का? ती अगदी प्रामाणिकपणे, छातीवर हात ठेवून सांगेल, नाही, काही नाही. मग डॉक्टर काय करणार? अडीच महिन्यांचं सुस्त बाळ म्हणजे आधी जंतुसंसर्ग समजायचा, मेंदूज्वर तर नाही बघायचं, म्हणजे रक्त काढणं, सलाइन, कदाचित मणक्यातलं पाणी काढणं, अँटिबायोटिक. आणि तुम्ही बाहेर बाकावर बसून असाल, तोंडात शब्द आणून परत गिळत. नाहीतर ह्याच्या उलट, खरंच जंतुसंसर्ग असेल आणि तुम्हाला वाटेल गुटीने झोपलंय, झोपू दे, आणि वेळ निघून जाईल. वेखंडाच्या द्रव्याबद्दल शास्त्रज्ञांत दोन मतं होतील, ह्याच्याबद्दल होणार नाहीत. म्हणून "गुपचूप बंद करू का" ह्याला माझं उत्तर नाही असंच आहे. मधाची मुदत महिनाभर चालू आहे, सुनेला माहीत नसेल तर पहाटे तीन वाजता पापण्या जड झाल्या आहेत हे बघणार कोण?

पर्याय तसे तुमच्यासमोर तीन आहेत. गप्प बंद करणं, ते का नको ते सांगितलं. दुसरा, मुलाला सांगून त्याच्याकरवी सुनेला कळवणं. मोह होईल, मुलगा आपला आहे. पण मग गोष्ट "तुझ्या आईने काय केलं" अशी होते, भांडण नवरा-बायकोत लागतं आणि तुम्ही स्वयंपाकघरात ऐकत उभ्या. तिसरा, सुनेला स्वतः सांगणं, एकटीला, बाळ झोपलेलं असताना. मी हाच सांगेन. आणि सांगताना "पण" नको. "अगं मी दिली पण आमच्याकडे सगळे देतात" असं नाही. असं काहीतरी: "तू नको म्हणाली होतीस तरी मी दोन आठवडे बाळाला गुटी दिली, मधातून दिली. मध द्यायचा नसतो हे मला आता कळलं. बंद केलीय. उद्या डॉक्टरांकडे मी तुझ्याबरोबर येते आणि मीच सांगते." एवढंच, आणि मग ती जे बोलेल ते ऐकून घ्या. चिडेल. रडेल पण कदाचित, अडीच महिन्यांची बाळंतीण आहे, झोप नाही तिला. आठ-पंधरा दिवस बाळ तुमच्याकडे एकटं सोडणार नाही, तेही सोसा. डॉक्टरांकडे जाताना आख्खा डबा पिशवीत घालून न्या, नावं सांगत बसण्यापेक्षा वस्तू दाखवलेली बरी, आणि डॉक्टर ओरडले तर ओरडू द्या, बहुतेक ओरडणार नाहीत कारण त्यांच्याकडे रोज येणाऱ्या बाळांतली कितीतरी गुटीवाली असतात, फक्त सांगत कुणी नाही.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं, "मला फक्त आंघोळीपुरतं ठेवलंय." मला वाटतं गुटीचं निम्मं कारण इथे आहे. घरात सगळं ॲपवर चालतं, पाजायची वेळ, शीची वेळ, झोपेची वेळ, आणि तुम्हाला जे येतं त्याला कुणी विचारत नाही, मग सहाण काढली की निदान एक काम असं होतं जे ह्या घरात फक्त तुम्हाला येतं. बरोबर ना? पण सात ते दहाचं रडणं सांभाळणं हे त्याहून मोठं काम आहे आणि ते सुनेच्याने एकटीने होत नाही, कुणाच्याच होत नाही.

सात वाजता ते तुम्ही घ्या. दूध पाजून झालं की बाळ खांद्यावर उभं, ढेकर येईपर्यंत, दहा-पंधरा मिनिटं लागली तरी. रडायला लागलं की तुमच्या डाव्या हातावर पालथं, डोकं कोपराच्या घडीत, पोटाखाली तळहात, आणि चालत राहायचं. मग उताणं ठेवून गुडघे पोटाशी हलके दाबायचे, सोडायचे, परत. कोमट पाण्याने आंघोळ सकाळीच हवी असं कुठे लिहिलंय, संध्याकाळी घालून बघा. दिवा मंद, पंख्याचा आवाज चालतो, तुमच्या ओव्या त्याहून चालतात. मालिश छान आहे, खोबरेल घ्या, पोटावर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने हात फिरवा, फक्त नाका-कानात तेल नको, टाळूवर दाब नको, आणि बाळाच्या छातीतलं दूध पिळून काढायचा जो प्रकार काही बायका करतात तो कुणालाही करू देऊ नका, गळू होतं. बेंबीभोवती हिंग लावायचं असेल तर बेंबी पूर्ण वाळलेली असताना, पातळ कालवून, लाल झालं तर धुऊन टाकायचं, पोटात हिंग नाही. शेक द्यायचाच तर कपडा आधी स्वतःच्या गालाला लावून, ओव्याच्या तापलेल्या पुरचुंडीने भाजलेली बाळं हॉस्पिटलात येतात. आणि गुटी बंद केली म्हणून मेडिकलमधून ग्राइप वॉटर किंवा तयार बालघुटी आणू नका, साखरपाणी तरी असतं नाहीतर आणखी काही, जे द्यायचं ते डॉक्टरांनी लिहून दिलेलं, जसे व्हिटॅमिन डीचे थेंब, ते चालू असतील तर ते द्यायची जबाबदारी मागून घ्या. सुनेची डाळ, कोबी, हरभरा लगेच बंद करू नका, "तू खाल्लंस म्हणून ह्याचं पोट दुखतंय" हे ऐकून कुठल्याच बाळंतिणीचं दूध वाढलेलं नाही.

रडणं कॉलिकचं नाही अशी शंका कधी घ्यायची? तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा वर ताप, हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, दिवसभरात सहापेक्षा कमी लंगोट ओले, टाळू फुगलेली किंवा खोल गेलेली, झटका, ओठ निळे, किंवा हलवूनही न उठणारी झोप. ह्यात घरचं काही करत बसायचं नाही.

आणि उष्टावण होऊ द्या, सहा महिने पूर्ण झाले की. मग तुमच्या डब्यातला बदाम आणि खारीक खाणं म्हणून आत येतात, बदामाची अगदी बारीक गुळगुळीत पेस्ट, खारकेची पूड नाचणीच्या सत्त्वात, चिमूटभर जिरं-हिंगाचं मुगाच्या डाळीचं खिमट वरून तूप घालून. मीठ-साखर आणि मध वर्षापर्यंत नाही. ह्यात सून तुम्हाला विचारायला येईल, तिला खिमट यूट्यूबवरून शिकण्यापेक्षा तुमच्याकडून शिकायला आवडेल अशी माझी पैज. तोवर घरात कुणाला आयुर्वेदानेच काही करायचं असेल तर बालरोगाचं शिक्षण घेतलेला वैद्य गाठा, बाळ समोर दाखवा, आणि बालरोगतज्ज्ञांना माहीत असू द्या. दोन डॉक्टर एकमेकांपासून लपवणं हेही तेच लपवणं झालं.

आता हे वाचणाऱ्या सुनांसाठी आणि लेकींसाठी दोन ओळी, कारण तुमची पत्रं मला आजींपेक्षा जास्त येतात. बाळाच्या तोंडाला वेखंडाचा वास आला, झबल्यावर पिवळा डाग दिसला, तर लगेच आरडाओरडा करू नका, आरडाओरडा झाला की समोरची बाई "काही नाही दिलं" म्हणणार आणि तुम्हाला खरी माहिती कधीच मिळणार नाही. आवाज साधा ठेवून विचारा, कधी दिलं, काय काय दिलं, मध होता का, आज पहिल्यांदाच का आधीही. उत्तर मोबाइलमध्ये वेळेसकट लिहून ठेवा, डॉक्टरांना फोन लावा, बाळ नीट पितंय का ते दोन-तीन पाजण्या बघा. भांडायचं असेल तर ते झाल्यावर भांडा.